साहित्यिकांच्या गावातला गुरुवार

एडिंबराच्या मुख्य रेल्वे स्टेशनाचं नाव वेव्हर्ली. हे कुठल्या राजाचं किंवा गव्हर्नराचं नाव नव्हे, सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ सालच्या कादंबरीचं आहे. स्टेशनातून वर रस्त्यावर आलं की खुद्द स्कॉट भेटतात. ६१ मीटर उंचीचं, धुराने काळवंडलेलं, टोकाटोकांचं दगडी स्मारक. आत २८७ पायऱ्या आणि तळाशी संगमरवरात बसलेले स्कॉट, शेजारी कुत्रा. माझ्याबरोबर मावशी होती. तिने मान वर करून टोकाचा अंदाज घेतला, पायऱ्यांचा आकडा ऐकला आणि स्कॉट खालूनच बरे दिसतात असा निर्वाळा देऊन चालू लागली. पुढच्या चौकात तिने मुलाला विचारलं, "काय रे, या गावात नुसती माणसंही राहतात ना?"

शंका रास्त होती. युनेस्कोने 'साहित्य नगर' अशी पदवी काढली तेव्हा जगात पहिल्यांदा, २००४ साली, ती याच गावाला दिली. त्यामुळे लेखक पाहायला इथे ग्रंथालयात जावं लागत नाही. तो खानावळीच्या दारातच गाठतो. रोझ स्ट्रीटवरच्या मिल्न्स बारमध्ये ह्यू मॅकडायरमिड, नॉर्मन मॅकेग, सॉर्ली मॅक्लीन हे कवी बसत. यंग स्ट्रीटच्या ऑक्सफर्ड बारमध्ये इयन रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस पीत असतो, आणि तो काल्पनिक असल्याने त्याला घरी जायची घाई नसते. लॉनमार्केटमधला पब डीकन ब्रॉडीच्या नावाचा. हा ब्रॉडी दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या. १७८८ साली त्याला फाशी झाली. त्याने केलेलं एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या घरात होतं, त्या कपाटाकडे बघत मोठा झालेल्या मुलाने पुढे जेकिल आणि हाइड लिहिलं. कपाट आता रायटर्स म्युझियममध्ये आहे आणि ब्रॉडी पबच्या पाटीवर. पबाच्या दारावरून जाताना मावशीने पर्स काखेत घट्ट धरली.

एलिफंट हाउस कॅफेने तर आपण हॅरी पॉटरची जन्मभूमी असल्याची पाटीच लावली होती. २०२० साली रोलिंगबाईंनी सांगून टाकलं की त्या कॅफेत पाऊल टाकण्याआधी कितीतरी वर्षं आपण ते पुस्तक लिहायला घेतलं होतं. भक्तांना असल्या तपशिलाने फरक पडत नाही. जन्मस्थळाच्या वादात जन्मदात्रीला विचारतो कोण?

आता मावशीबद्दल. ती मूळची मालवणची, लग्नानंतर गिरगावकर आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत इंग्रजीची बाई. स्कॉट आणि स्टीव्हन्सन तिने संक्षिप्त आवृत्त्यांतून नववीच्या किती तुकड्यांना पाजले याला गणती नाही. ती मासे खाते, मटण खाते, परंतु सोमवारी आणि गुरुवारी नाही. मुलगा आणि सून एडिंबरात नोकरीला. आईला एकदा तरी 'तसल्या' रेस्टॉरंटात न्यायचं म्हणून दोघांनी लीथ बंदरातल्या एका ठिकाणी दोन महिने आधी टेबल राखून ठेवलं होतं. जागा मिळाली ती नेमकी गुरुवारची.

टेबल राखताना फॉर्म भरावा लागतो. आहाराची काही बंधनं आहेत का, या रकान्यात सुनेने प्रामाणिकपणे लिहिलं, 'सासूबाई, गुरुवारी शाकाहारी.' दुसऱ्या दिवशी रेस्टॉरंटातून फोन. अतिशय अदबीने त्यांनी विचारलं की तुमचा गुरुवार किती वाजता संपतो? जेवण नऊ पदार्थांचं आहे, ते लांबलं आणि शेवटचे एक-दोन पदार्थ शुक्रवारात गेले, तर त्यांत मासा चालेल का? सुनेने सासूबाईंना विचारलं. मावशी खूश झाली. म्हणाली, "इतकी चौकशी आमच्या देवस्थानाच्या भटजींनी पण केली नाही कधी." संकष्टी नव्हती हे मात्र नशीब. जूनमधल्या एडिंबरात सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो, चंद्राची वाट बघत बसलो असतो तर रेस्टॉरंटवाले खुर्च्या उलट्या करून घरी गेले असते.

गुरुवार यायला अवकाश होता, म्हणून आम्ही आधी बाकीचे लेखक उरकायला घेतले.

सुरुवात अर्थात डॉ. जॉन्सनपासून. परगावच्या लेखकाने एडिंबरात येऊन कसं जेवावं याचा पहिला धडा त्यांनी घालून दिला. १४ ऑगस्ट १७७३ रोजी डॉक्टर गावात उतरले ते कॅननगेटच्या तोंडाशी असलेल्या बॉइडच्या खानावळीत. चिठ्ठी मिळताच त्यांचा चरित्रकार बॉझवेल धावत गेला, तर डॉक्टर पेटलेले. झालं होतं असं की त्यांनी लिंबाचं सरबत मागवलं, ते गोड कमी लागलं म्हणून साखर मागितली, आणि वेटरने चिमटा वगैरे भानगडीत न पडता आपल्या तेलकट बोटांनी साखरेचा खडा उचलून पेल्यात सोडला. डॉक्टरांनी सरबत उचललं आणि खिडकीबाहेर फेकलं. बॉझवेलने हे सगळं टिपून ठेवलंय. मला यात डॉक्टरांचं एवढं कौतुक वाटतं की रागाच्या भरातही त्यांनी गावाची रीत पाळली. त्या काळी एडिंबरात घरोघरचं सांडपाणी आणि त्याहून वाईट बरंच काही रात्री 'गार्डीलू!' अशी आरोळी देऊन खिडकीतून रस्त्यावरच ओतत. सरबत हा त्या खिडक्यांतून पडलेला बहुधा सर्वांत शुद्ध पदार्थ असावा. त्याच रात्री बॉझवेल त्यांना हाताला धरून हाय स्ट्रीटने घरी घेऊन निघाला, तेव्हा डॉक्टर त्याच्या कानाशी पुटपुटले की अंधारातही तुमचा वास येतोय मला.

बॉझवेलचं बिऱ्हाड जेम्स कोर्टात होतं. मिसेस बॉझवेलने पाहुण्यासाठी आपली झोपायची खोली रिकामी करून दिली, रात्री उशिरापर्यंत चहा करून घातला, आणि पाहुणा काय करायचा? मेणबत्ती मंद झाली की उलटी धरायचा, मेण गालिच्यावर. इतिहासाने या बाईवर अन्याय केलाय असं मावशीचं मत. "साहित्यिकाच्या बायकोने गालिचा आंथरूच नये," ती म्हणाली.

बरं, हेच जॉन्सन १७५५ साली आपल्या शब्दकोशात ओटबद्दल लिहून बसले होते की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात. तरीही स्कॉटलंडने त्यांना जेवायला बोलावलं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्यांना मोठी मेजवानी दिली, तेव्हा एडिंबरातल्या रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या कवीला ते काही सहन झालं नाही. त्याने प्राध्यापकांच्या नावे कविता लिहून या पाहुण्याला खरं तर काय काय वाढायला हवं होतं त्याची यादीच दिली: हॅगिस, मेंढीचं भाजलेलं डोकं, आणि असंच बरंच. जगातलं हे पहिलं सूडाचं मेन्यूकार्ड म्हणायला हरकत नाही. फर्ग्युसन पुढच्याच वर्षी, १७७४ साली, एडिंबराच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला. वय २४. त्याच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता, तो पुढे रॉबर्ट बर्न्सने स्वतःच्या खर्चाने बसवला. आता कॅननगेटच्या चर्चबाहेर फुटपाथवर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, लगबगीने कुठेतरी निघालेला. पर्यटक त्याला मोबाइलकडे बघत चालणारा माणूस समजून बाजू देतात.

ओटचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. १८०२ साली चार तरुण दोस्तांनी बकलू प्लेसमधल्या एका घरात बसून 'एडिंबरा रिव्ह्यू' नावाचं त्रैमासिक काढलं. त्यांतल्या सिडनी स्मिथने बोधवाक्य म्हणून व्हर्जिलची एक लॅटिन ओळ सुचवली. तिचा त्याने लावलेला अर्थ असा की आम्ही मूठभर ओटवर साहित्य पिकवतो. बाकीच्यांनी ती नाकारली. कारण? सिडनी स्मिथच सांगतो, ती फारच खरी होती. मला विचाराल तर या गावाचा सगळा वाङ्मयीन इतिहास त्या नापास बोधवाक्यात आहे. तेव्हा ओटवर साहित्य पिकत होतं. आता साहित्यावर ओट खपतात. लापशीच्या वाडग्याशेजारी बर्न्सचं चित्र छापलं की तो वाडगा 'वारसा' होतो आणि दर तिप्पट.

बुधवारी आम्ही बर्न्सकडे वळलो. म्हणजे हॅगिसकडे. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय, फुफ्फुस, ओट, चरबी, कांदा, मिरी हे सगळं मेंढीच्याच जठरात भरून उकडलेलं प्रकरण. (फुफ्फुसामुळे अमेरिकेने १९७१ पासून त्याला देशात येऊ दिलेलं नाही.) १७८६ च्या नोव्हेंबरात बर्न्स एडिंबरात आला आणि डिसेंबरात त्याची हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता इथल्या वर्तमानपत्रात छापून आली. तो गेला १७९६ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी. १८०१ मध्ये त्याचे दोस्त त्याच्या आठवणीत जेवायला जमले, हॅगिसपुढे कविता म्हटली, आणि पुढे दर २५ जानेवारीला जगभरातले स्कॉटिश लोक हेच करत आलेत. एडिंबरात पर्यटकांसाठी ते बारा महिने करतात. आधी बॅगपाइपवाला. त्याच्यामागून ताटात हॅगिस, त्याला पाहुण्यासारखं दरवाजातून वाजतगाजत आणतात. मग घागऱ्यातला यजमान सुरी परजून त्याच्यासमोर कविता म्हणू लागतो. भाषा जुनी स्कॉट्स. इंग्रजीच्या बाईलाही दहातला एक शब्द कळेना. पण आवाज चढत गेला, सुरी वर गेली, एका ओळीला खसकन पोटात घुसली, आतून वाफ उसळली. आणि मावशीच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "व्हय म्हाराजा!"

मालवणात देवळापुढे गाऱ्हाणं घालताना हाच सूर असतो आणि हाच प्रतिसाद, त्यात तिचा काही दोष नाही. यजमानाला ते बहुधा गेलिक वाटलं. त्याने आदराने मान झुकवली आणि ग्लास आमच्या टेबलाच्या दिशेने उंचावला. पुढच्या आरोळीला शेजारच्या टेबलावरचे दोन जर्मन गृहस्थही "व्हय म्हाराजा" म्हणाले.

मावशीने हॅगिस चाटून-पुसून खाल्लं. मुंडी, काळीज, वजडी या गोष्टी तिला नवीन नव्हत्या, तिची तक्रार फक्त मसाल्याबद्दल होती: "मिरी घातली, तशी दोन लवंगा घातल्या असत्या तर काय बर्न्स रागावला असता?" आमची वहिनी सगळेच वार शाकाहारी, म्हणून तिच्या ताटात शाकाहारी हॅगिस: ओट, मसूर, राजमा, गाजर. मला वाटलं हे अलीकडचं फॅड असेल. पण त्याची जन्मकथा ऐकून मी थक्क झालो. १९८४ साली एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी उघडायची होती. समारंभात हॅगिस तर हवं, पण पाहुण्यांत मांस न खाणारेही. तेव्हा मॅक्स्वीन नावाच्या इथल्या खाटीक घराण्याने खास या उद्घाटनासाठी शाकाहारी हॅगिस तयार केलं. ते आता दुकानादुकानांत मिळतं. कवितेच्या ग्रंथालयाने जगाला नेमकं काय दिलं, असं कोणी विचारलं तर इतकं भरभक्कम उत्तर फार थोड्या संस्थांकडे असेल.

स्कॉटचं म्हणाल तर त्यांची गोष्ट जेवणाशिवाय पुढे सरकतच नाही. त्यांनी कादंबऱ्या निनावी लिहिल्या आणि आपणच तो लेखक हे पहिल्यांदा जाहीरपणे कबूल केलं ते १८२७ च्या फेब्रुवारीत, एडिंबराच्या असेंब्ली रूम्समध्ये, भर मेजवानीत. त्यांच्या 'द फॉर्च्युन्स ऑफ नायजेल'चा शेवट राजा सगळ्यांना जेवायला चला म्हणतो तिथे होतो, कारण कोंबडी आणि लीकचं सूप निवत चाललेलं असतं. १८२२ साली चौथा जॉर्ज राजा लीथ बंदरात आला. जहाजावर त्याने स्कॉटच्या नावाने व्हिस्की घेतली. राजा प्यायलेला तो ग्लास स्कॉटनी आठवण म्हणून मागून घेतला, कोटाच्या मागच्या खिशात ठेवला आणि जपून घरी आले. घरी पाहतात तर क्रॅब नावाचे कवी पाहुणे आलेले. आनंदाच्या भरात स्कॉट खुर्चीत बसले. ग्लासवर. एवढी गोष्ट वाचल्यापासून मला स्कॉट आवडू लागले, कादंबऱ्या वाचून तसं कधी झालं नव्हतं.

याच स्कॉटच्या 'सेंट रोनन्स वेल' या कादंबरीत मेग डॉड्स नावाची एक खमकी खानावळवाली आहे. १८२६ साली एडिंबरात स्वयंपाकाचं एक पुस्तक निघालं, लेखिका मिसेस मार्गारेट डॉड्स! म्हणजे कादंबरीतली बाई कादंबरीतून बाहेर आली आणि पाककृती सांगू लागली. खरी लेखिका ख्रिश्चन इझोबेल जॉन्स्टन, स्वतः कादंबरीकार आणि संपादक. पुस्तक धडाधड खपलं. त्याच १८२६ साली स्कॉट लाखाहून अधिक पौंडांच्या कर्जात बुडाले होते आणि रात्रंदिवस लिहून ते फेडत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मेगला पत्र टाकून निम्मी रॉयल्टी मागितली असती.

असा करत करत गुरुवार उजाडला. सकाळी आम्ही पुन्हा जेम्स कोर्टात गेलो. बॉझवेलच्या आधी इथे डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञ राहायचा. १७६९ साली त्याने मित्राला पत्रात कळवलं की उरलेलं आयुष्य आपण पाककलेला वाहणार आहोत. बीफ आणि कोबी, मुरलेलं मटण आणि मुरलेली क्लॅरेट यांत आपला हात कोणी धरणार नाही, आणि मेंढीच्या डोक्याच्या रश्श्याबद्दल तर बोलायलाच नको. माणूस चांगला धष्टपुष्ट होता, यावरून त्याच्या तत्त्वज्ञानावर नाही तरी स्वयंपाकावर विश्वास बसतो. चमत्कार आणि अंधश्रद्धा यांची त्याने आयुष्यभर साल काढली. रॉयल माइलवर त्याचा पुतळा आहे, आणि परीक्षेत पास होण्यासाठी विद्यार्थी येऊन त्याच्या पायाचा अंगठा चोळतात. अंगठा सोन्यासारखा झळकतोय. मावशीने आजूबाजूला कोणी नाही असं पाहून नातवाच्या दहावीसाठी तो एकदा चोळून घेतला.

याच जेम्स कोर्टात शे-सव्वाशे वर्षांनी पॅट्रिक गेडिस राहायला आले, पडकी बिऱ्हाडं दुरुस्त करू लागले, आणि फिरत फिरत मुंबईला पोचले. १९१९ साली मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला. त्यांचे विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये. "मालवणचे!" मावशी एकदम म्हणाली, आणि त्या क्षणापासून एडिंबराबद्दलचं तिचं मत दोन अंशांनी सुधारलं. मग सेंट अँड्र्यू स्क्वेअरला मुंबईच्या इराण्यांच्या धर्तीवर काढलेल्या डिशूममध्ये नाश्ता. त्यांनीही गेडिस आणि मुंबईचा धागा आठवणीने जपलाय. बन मस्का आला, चहा आला. गुरुवार असल्यामुळे खिम्याकडे पाहायचं नव्हतं. मावशीने बन चहात बुडवला आणि इराण्याकडे बसायला आपल्याला कॉलेजात बंदी होती, तेव्हा हा आपला पहिलाच इराणी, असं वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्कॉटलंडात जाहीर केलं.

संध्याकाळी लीथ. आर्व्हिन वेल्शची १९९३ ची 'ट्रेनस्पॉटिंग' वाचलेल्यांना लीथ म्हणजे हेरॉइन, बेकारी आणि ओसाड पडलेलं रेल्वे स्टेशन एवढंच ठाऊक. पण २००१ साली इथल्या मार्टिन विशार्टच्या रेस्टॉरंटला मिशेलिनचा तारा मिळाला, २००७ साली टॉम किचिनच्या (आडनाव खरंच किचिन), आणि धक्क्यावरची गोदामं पांढऱ्या टेबलक्लॉथनी भरून गेली. वेल्शनेही २००६ मध्ये एडिंबरातल्या हॉटेलांची तपासणी करणारा नायक घेऊन कादंबरी लिहिली. लेखकांना वारा कळतो. आमचं रेस्टॉरंट या दोन्हींपैकी नव्हे, वेगळंच. नाव सांगत नाही, कारण त्यांनी आमचं वाईट असं काहीच केलं नाही आणि पोटभर असंही काही केलं नाही.

मेन्यूकार्ड हा या गावातला सध्याचा सर्वांत जोमदार वाङ्मयप्रकार आहे. 'बीट. धूर. अक्रोड.' पुढची ओळ: 'कोबी. माती. जव.' क्रियापद नाही, विशेषण नाही, नुसती नामं आणि पूर्णविराम. स्कॉटना बीट टेबलावर आणायला तीन पानं लागली असती: आधी डोंगर, मग धुकं, मग बिटाचं घराणं. मावशीने पर्समधून बॉलपेन काढलं आणि सवयीने 'कोबी. माती. जव.' च्या खाली बारीक रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह केलं.

लेखनात जे वाचवलं ते बोलण्यात भरून काढतात. प्रत्येक पदार्थ आला की एक तरुण एक हात पाठीमागे घेऊन वाकतो आणि त्याची हकीकत सांगतो. पाव आला. त्याचं आंबवण सहा वर्षांचं होतं. लोणी आलं, त्याची गाय कुठल्या बाजूच्या कुरणात चरते ते कळलं. लोणी जिभेवर विरघळायला लागला त्याहून दुप्पट वेळ ते ऐकायला. मग माझ्यापुढे एक खोल ताटली आली. तिच्यात ओले काळे दगड, दगडांवर समुद्राचं शेवाळ, शेवाळावर एक शिंपला आणि शिंपल्यात एक कालव. तरुणाने खाली वाकून, दगड खायचे नाहीत, असं हळूच सांगितलं.

मावशी कितीतरी वेळ त्या ताटलीकडे बघत राहिली. "कालवं," ती म्हणाली. "एकच?"

मी मान हलवली.

"आमच्याकडे ओहोटीला बायका खडकावर बसतात. ठोकून ठोकून टोपभर काढतात. खोबरं लावून सुकं केलं की..." तिने वाक्य सोडलं आणि बीट, धूर, अक्रोडाकडे वळली. गुरुवार होता.

वाईट याचं वाटलं की एडिंबरातही कालवं ही टोपभर खायचीच गोष्ट होती. अठराव्या शतकात फोर्थच्या खाडीतून ती गाड्यागाड्यांनी यायची. रस्त्याखालच्या मिणमिणत्या तळघरांत न्यायाधीश, कारकून, हमाल आणि रेशमी झग्यातल्या बाया, सगळे खांद्याला खांदा लावून ती पोर्टर बिअरबरोबर हाणत, आणि मग टेबलं बाजूला सारून नाचत. फर्ग्युसनने त्यांच्यावर कविता केली. अ‍ॅडम स्मिथ, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन या तिघांच्या मंडळाचं नावच ऑयस्टर क्लब. (हा स्मिथ एकदा चहाला गेला तेव्हा यजमान बाईच्या भांड्यातले साखरेचे खडे सारखे उचलत होता, शेवटी बाई भांडं मांडीवर घेऊन बसल्या, असं स्कॉटनी लिहून ठेवलंय. बाजारात हात घालू नये असं सांगणारा अर्थशास्त्रज्ञ!) इतकं खाल्लं की खाडीतली कालवं संपली. मागणी, पुरवठा आणि किंमत यांवर क्लबच्या सदस्याने लिहिलेला ग्रंथ किती बरोबर होता, याचा पुरावा माझ्यासमोर दगडावर ठेवलेला होता.

नववा पदार्थ संपला तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. तो रास्पबेरी, साय, ओट आणि व्हिस्कीचा होता. ओट चार दाणे. बिल चामड्याच्या पुस्तकात घालून आणलं, मावसभावाने ते वाचलं आणि मिटलं. वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते आणायला इथल्या कुठल्याही कादंबरीकाराला कष्ट पडले असते. रेस्टॉरंटातल्या पोरीने मावशीला अदबीने विचारलं की जेवण कसं वाटलं. मावशी म्हणाली, "व्हेरी वेल रिटन."

टॅक्सीतून प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाशी उतरलो. कोणी बोलत नव्हतं, पण नाकं चौघांचीही एकाच बाजूला वळली. कोपऱ्यावर तळणाचं दुकान उघडं होतं, मोठ्या कढईत मासे, काचेपलीकडे चिप्सचा डोंगर. आत गर्दी, बाहेर रांग. मावशी सरळ रांगेत जाऊन उभी राहिली.

"आई, अहो, गुरुवार आहे ना," वहिनी म्हणाली.

मावशीने हात वर केला. समोर बॅल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यावर घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं.

"आई, ते घड्याळ तीन मिनिटं पुढे असतं," मावसभाऊ म्हणाला. "मुद्दाम. लोकांची गाडी चुकू नये म्हणून. शंभर वर्षांवर झाली. फक्त ३१ डिसेंबरला बरोबर लावतात."

मावशीने घड्याळाकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "म्हणजे अजून दोन मिनिटं आहेत."

"हो."

तिने मागच्या दोन पोरांना हाताने पुढे जाऊ दिलं आणि भिंतीवरचा दरफलक वाचायला घेतला. फिश. चिप्स. हॅगिस. पुडिंग. इथेही सगळी नामंच होती. "हे बरं लिहिलंय," ती म्हणाली. "प्रश्नचिन्ह कुठे करावंसं वाटत नाही."

आमचा नंबर आला. दुकानदाराने चिमट्याने हॅडकचा भलामोठा तुकडा उचलला आणि एडिंबरातला तो अटळ प्रश्न विचारला, "सॉल्ट अँड सॉस?" ग्लासगोला मीठ आणि व्हिनेगर घालतात, इथे मीठ आणि व्हिनेगर घालून पातळ केलेला तपकिरी सॉस, आणि या मुद्द्यावर दोन्ही गावं एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. मावशीने उत्तर दिलं नाही. ती मुलाच्या मोबाइलकडे बघत होती. दुकानदार चिमटा धरून उभा राहिला. मागची रांगही उभी राहिली.

"झाले," मावसभाऊ म्हणाला.

"सॉल्ट," मावशी म्हणाली, "अँड सॉस. आणि त्याला विचार, दोन तुकडे देईल का?"